गोफ विणला जातो, पण उलगडत नाही : सासू-सासऱ्यांचे नृत्यवर्तुळ पुढे कसे चालवावे?

अंगणवेल (प्रश्न)

नमस्कार. माझे सासू-सासरे नागपुरातील एका जुन्या लेआउटमध्ये राहतात आणि तेथील हनुमान मंदिरासमोरच्या मोकळ्या जागेवर जवळपास चार दशकांपासून दर गुरुवारी संध्याकाळी लोकनृत्याचे वर्तुळ भरवत आले आहेत. लेझीम, टिपरी आणि गोफ (वर टांगलेल्या फिती हाती धरून नाचता नाचता विणायच्या आणि मग उलट फिरून उलगडायच्या) हा त्यांचा कायमचा ऐवज. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत त्यात भुलाबाईच्या गाण्यांची भर पडते, आणि बाबांची राजुऱ्याला बदली झालेली असताना तिकडच्या गोंड-कोलाम मंडळींकडून दोघांनी शिकून घेतलेला ढेमसा हा आदिवासी नाचही अधूनमधून होतो. दोघांची ओळखच मुळी राष्ट्र सेवा दलाच्या शिबिरात झाली. सेवा दलाच्या कलापथकांनी ‘महाराष्ट्र दर्शन’सारख्या कार्यक्रमांतून लोकनृत्ये गावोगावी नेली, त्या वातावरणात ही दोघे वाढली. लग्नानंतर त्यांनी मंच सोडला, नाच मात्र सोडला नाही.

त्यांचा एकच नियम आहे, की वर्तुळाभोवती प्रेक्षक असता कामा नये. जो पाहायला येतो त्याच्या हाती आई टिपरी देतात. त्यामुळे बँकेतले निवृत्त अधिकारी, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचे मालक, दहावीतल्या मुली आणि इस्त्रीवाल्याचा मुलगा असे सगळे एकाच फेरीत असतात. मे महिन्यात जमीन निवायला वेळ लागतो म्हणून वर्तुळ रात्री नऊला सुरू होते, पण बंद राहत नाही. पायांकडे पाहत नाचणाऱ्याला आई हमखास टोकतात, “अरे, पाय काऊन पाह्यतं? समोरच्याचे डोळे पाह्य.”

अडचण अशी आहे की बाबांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून ते खुर्चीवर बसून डफ वाजवतात. लेझीम आणि टिपरी त्यामुळे अडत नाहीत. गोफ मात्र अडतो. विणण्यापर्यंत सर्व काही सुरळीत होते, परंतु उलट फिरून उलगडू लागले की काही पावलांतच गाठ बसते. गेल्या कोजागिरीला तर कडुनिंबाच्या फांदीला टांगलेल्या कड्यातून फिती सोडवून घ्याव्या लागल्या. बाबा पूर्वी विणलेल्या गोफाकडे एकदा पाहून कोण कुठे चुकले हे सांगत असत, पण ते कसे ओळखायचे हे त्यांना शब्दांत मांडता येत नाही. दुसरीकडे आमच्या रहिवासी समितीचे म्हणणे आहे की आता याचे रीतसर चित्रीकरण करावे, तरुण मुलामुलींचा एक संघ निवडावा, ध्वनिमुद्रित गाणी आणि एकसारखा पोशाख घेऊन तो स्पर्धांत उतरवावा, म्हणजे आई-बाबांचे कार्य टिकेल. त्या दोघांना हा प्रस्ताव फारसा रुचलेला नाही, परंतु नकार कसा द्यावा हेही त्यांना कळत नाही. गोफाची अडचण आणि समितीचा प्रस्ताव, या दोन्हींबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

गणितमास्तर

ताई, दुसऱ्या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार मला नाही, परंतु गोफावर थोडे विस्ताराने लिहितो, कारण शाळेत असताना स्नेहसंमेलनासाठी मी अनेक वर्षे गोफ बसवला आहे आणि उलगडताना बसणाऱ्या गाठीचे कारण बहुतेक वेळा एकच असते.

गोफात नाचणाऱ्यांची संख्या सम असावी लागते हे आपल्याला ठाऊक असेलच. निम्मे लोक सुलट्या फेरीत, निम्मे उलट्या फेरीत, आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाला एकदा आतून व एकदा बाहेरून असे ओलांडत जायचे. सर्वजण थांबतात आणि मागे वळतात, तेव्हा खरी परीक्षा सुरू होते. ज्या माणसाला आपण सर्वांत शेवटी ओलांडले, वळल्यावर तोच सर्वांत आधी समोर येतो, आणि त्याला ज्या बाजूने ओलांडले होते त्याच बाजूने परत जायचे असते. शेवटची भेट आतून झाली असेल, तर वळल्यानंतरची पहिली भेटही आतूनच. पण तोपर्यंत आत-बाहेर, आत-बाहेर हे पायांत इतके भिनलेले असते की माणूस सवयीने पुढचे ‘बाहेर’ घेतो. तसे केले की फीत सुटण्याऐवजी समोरच्याच्या फितीभोवती पूर्ण वेढा पडतो, आणि आपण वर्णन केलेली गाठ ती हीच. म्हणून वळण्याच्या क्षणी सर्वांनी मोठ्याने ‘तीच बाजू!’ असे म्हणण्याची सवय लावावी. वरकरणी पोरकट वाटते, पण उपयोग होतो.

दुसरी गोष्ट संख्येची, आणि ही सहसा कोणी सांगत नाही. आठ किंवा बारा जण असतील, तर प्रत्येक फेरीत चार किंवा सहा माणसे येतात. समोरची चार किंवा सहा माणसे ओलांडून झाली की पहिला माणूस पुन्हा भेटतो, आणि तो पहिल्यांदा ज्या बाजूने भेटला त्याच बाजूने भेटतो. म्हणजे देशपांडे काकूंना मी नेहमी आतून जातो आणि किराणावाल्या दादांना नेहमी बाहेरून, एवढे लक्षात ठेवले की पुरते. चूक झाली तर ती ताबडतोब जाणवते, कारण ओळखीचा चेहरा नेमक्या उलट्या बाजूने येतो. दहा जणांचा गोफ मात्र तसा नसतो. तेथे समोर पाच माणसे असतात, त्यामुळे दुसऱ्या भेटीत प्रत्येकाची बाजू बदलते आणि चेहऱ्याचा आधार राहत नाही, केवळ मोजणीवर विसंबावे लागते. सहा किंवा चौदा जण घेतले तरी तीच अडचण. नवख्यांना आठांवर शिकवावे, मग बारांवर न्यावे, दहाच्या वाटेला जाऊच नये. आपल्या सासूबाई ‘समोरच्याचे डोळे पाह्य’ असे म्हणतात त्यामागे हाच अनुभव असणार, असे मला वाटते.

बाबांना जी चूक दुरून दिसते, ती दिसण्यासाठी सुलट्या फेरीला एक रंग आणि उलट्या फेरीला दुसरा रंग द्या. सर्वांच्या फिती वेगवेगळ्या रंगांच्या असल्या की गोफ शोभिवंत दिसतो, पण वाचता येत नाही. दोनच रंग असतील तर गोफावर चौकटी उमटतात. जिथे एखादी फीत दुसऱ्या रंगाच्या फितीखाली जाण्याऐवजी सलग वरून धावलेली दिसेल तिथे कोणीतरी बाजू चुकवलेली आहे. मग तिचे टोक कोणाच्या हातात आहे तेवढे पाहायचे.

झाडीकाठ

गणितमास्तरांनी गोफ सोडवला आहे, तेव्हा मी चित्रीकरणाबद्दल लिहितो. मी भंडारा जिल्ह्यातला, आमच्याकडे दिवाळीनंतर दंडार हे नाचगाण्यांचे लोकनाट्य उभे राहते, आणि गेल्या काही वर्षांत भ्रमणध्वनीवर दंडारीची असंख्य चित्रणे झाली आहेत. त्यातली बहुतेक नाच शिकण्याच्या दृष्टीने निरुपयोगी आहेत, कारण ती समोरून घेतलेली असतात, चेहरे व लुगडी दिसतात, पण कोण कोणाच्या मागून गेले ते दिसत नाही, आणि वाद्याच्या गजरात गाण्याचे शब्द बुडून जातात.

आपण चित्रीकरण अवश्य करावे, पण वेगळ्या रीतीने. एक कॅमेरा शेजारच्या घराच्या गच्चीवर ठेवावा, म्हणजे वर्तुळ वरून दिसेल, आणि दुसरा जमिनीलगत केवळ पायांवर. सासूबाईंना एखाद्या दुपारी घरात बसवून भुलाबाईची गाणी वाद्याशिवाय, सावकाश, कडवे तोडून म्हणायला सांगावे. बाबांचा डफ गाण्याशिवाय स्वतंत्र नोंदवावा, आणि त्यांनी हाताने ठेका धरून तोंडाने बोल म्हटले तर फारच उत्तम. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निर्दोष झालेल्या गोफापेक्षा फसलेला गोफ चित्रित करावा. सासूबाई कोणाला कुठे थांबवतात, कोणाचा खांदा धरून कोणीकडे वळवतात, लहान मुलाला काय म्हणतात आणि निवृत्त साहेबाला काय म्हणतात, हे सर्व त्या दोघांच्या विद्येचा भाग आहे. ते निर्दोष सादरीकरणात कधीच दिसत नाही.

मात्र केवळ चित्रणाने नाच टिकतो असे मानू नये. राजुऱ्यापासून पुढे सीमेपलीकडे आदिलाबादच्या बाजूला मारलावाई नावाचे राजगोंडांचे गाव आहे. मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ आणि त्यांच्या पत्नी बेटी हे दांपत्य १९४०च्या दशकात तेथे राहिले, आणि त्या समाजाच्या सणांच्या व नृत्यांच्या त्यांनी केलेल्या नोंदी आजही अभ्यासल्या जातात. पण तेथील दंडारी आणि गुसाडी ही दिवाळीतली नृत्ये त्या नोंदींमुळे चालू राहिलेली नाहीत. दिवाळीत एका गावाचे पथक दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून जाते, रात्री नाचते, जेवते, आणि यजमान गाव पुढे परतभेट देते. पाहुणे येणार म्हटल्यावर तयारी करावीच लागते. त्याच गावचे कनक राजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये ते गेले, पण तोवर ते तरुणांना गुसाडी शिकवत राहिले. आपल्या वर्तुळाला मला वाटते हीच एक गोष्ट कमी आहे. त्याला पाहुणे नाहीत. शेजारच्या दोन लेआउटांत असेच वर्तुळ उभे करून कोजागिरीला एकमेकांकडे जाण्याची प्रथा पाडली, तर स्पर्धेपेक्षा अधिक काळ टिकेल.

एक विनंती ढेमशाबद्दल. तो कोणत्या गावात, कोणत्या मंडळींकडून शिकला याची नोंद बाबांकडून आत्ताच करून घ्या आणि नाच सुरू करण्यापूर्वी ते सांगत चला. शहरात आले की आदिवासी नाच ‘आपला’ होतो आणि शिकवणारा विसरला जातो, हे मी फार पाहिले आहे.

पडद्यामागे

दोन्ही प्रतिसाद चांगले आहेत, परंतु समितीला येथे उगाच खलनायक ठरवले जात आहे. मंच हा लोकनृत्याचा शत्रू नव्हे. आपल्याच शहरात दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, १९८६ मध्ये स्थापन झालेले, आणि त्याच्या हस्तकला मेळ्यात व लोकनृत्य महोत्सवात मी अशी पथके पाहिली आहेत ज्यांच्या गावातले वर्तुळ मंचावर मिळालेल्या मानामुळेच पुन्हा भरू लागले. मुलांना आपण जे करतो ते कोणीतरी पाहावे असे वाटते, आणि त्यात गैर काहीच नाही. सासू-सासऱ्यांचा ‘प्रेक्षक नको’ हा नियम मला उदात्त वाटतो, पण तो सोळा वर्षांच्या मुलीवर लादता येईल असे वाटत नाही.

शिवाय मंच काटेकोरपणा शिकवतो. विद्यापीठांच्या युवक महोत्सवात लोकनृत्यासाठी जास्तीत जास्त दहा नर्तक, पाच साथीदार आणि दहा मिनिटे अशी चौकट असते. त्या चौकटीत बसवताना अनावश्यक गोष्टी गळून पडतात. केंद्राकडे गुरु-शिष्य परंपरेची योजना आहे, तिचीही चौकशी करावी. पती-पत्नी दोघांनाही ठाऊक असलेली विद्या योग्य रीतीने शिष्यांकडे जावी यासाठीच अशा योजना असतात.

गणितमास्तर

पडद्यामागे यांच्या मताशी मी काही अंशी सहमत आहे, पण एक गोष्ट निदर्शनास आणतो. दहा नर्तक ही नेमकी ती संख्या आहे जिच्यापासून मी ताईंना दूर राहायला सांगितले. स्पर्धेत गोफ क्वचितच पूर्ण उलगडतात, अर्धा विणून फिती सोडून देतात आणि टाळ्या घेतात, हे मी परीक्षकांच्या शेजारी बसून पाहिले आहे. स्पर्धेसाठी गोफ न्यायचाच असेल तर आठ जण विणतील आणि दोघे मध्ये लेझीम करतील अशी रचना करा.

अंगणवेल

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दरम्यान काय घडले ते कळवते.

लाल आणि पिवळ्या अशा दोनच रंगांच्या फिती आणून आठ जणांचा गोफ लावला. वळताना ‘तीच बाजू’ म्हणायला प्रथम सर्वांना संकोच वाटला, पण किराणावाल्या दादांनी एवढ्या जोरात आरोळी दिली की बाकीच्यांची भीड चेपली. गोफ कड्यापर्यंत उलगडला. बाबांना हे आत-बाहेरचे गणित वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले की आपण दहा जणांचा गोफ कधी बसवलाच नाही, का ते मात्र आजवर ठाऊक नव्हते.

बारा जणांचा गोफ मात्र पुन्हा अडकला, आणि या वेळी कारण बाबांनीच सांगितले. इतकी वर्षे आई उलट्या फेरीत आणि बाबा सुलट्या फेरीत उभे राहत असत. दोघे कधीही एका फेरीत नसत. मला वाटे की ही नवरा-बायकोची गंमत असेल. प्रत्यक्षात दोन्ही फेऱ्यांत एकेक जाणते माणूस असावे, इतरांनी त्याच्या मागे जावे, आणि ही दोघे समोरासमोर आली की एकमेकांची मोजणी पडताळून पाहावी, अशी ती व्यवस्था होती. आता उलट्या फेरीला आई आहेत आणि सुलट्या फेरीला कोणीच नाही. आठ जणांत ते निभावले, बारांत निभावत नाही.

समितीशीही बोलणे झाले. वर्षातून एकदा मंचावर जाण्यास आई-बाबांनी होकार दिला आहे, पण डफ समक्ष वाजेल, आणि संघात एक तरी साठीपुढचा व एक तरी शाळकरी असेल, या दोन अटींवर. ध्वनिमुद्रित गाणी नकोत, यावर बाबा ठाम राहिले, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे गोफ अडला तर डफ थांबतो, ध्वनिफीत थांबत नाही. अटींवरून समितीत थोडी कुरबुर झाली. शेजारच्या लेआउटमधल्या महिला मंडळाने कोजागिरीला येण्याचे मान्य केले आहे, दूध आमच्याकडून, टिपऱ्या त्यांच्या त्यांनी आणायच्या. राजुऱ्याकडच्या त्या गावाचे नाव बाबांच्या एका जुन्या रोजनिशीत सापडले. ज्यांनी शिकवले त्यांच्यापैकी कोणाचा पत्ता लागतो का, ते दीर पाहत आहेत.

आता सुलट्या फेरीचा प्रश्न तेवढा उरला आहे. बाबांच्या मनात इस्त्रीवाल्याचा मुलगा आहे. त्याला गाणी येत नाहीत, पण मोजणी पक्की आहे आणि तो कधी गांगरत नाही. समितीतील काहींना मात्र वाटते की त्याला बाबांनी डफ शिकवावा आणि फेरीचे नेतृत्व एखाद्या नृत्यवर्ग केलेल्या मुलीकडे द्यावे. आपले मत काय?

झाडीकाठ

मुलगा फेरीतच राहू द्यावा. बाबा बसून डफ वाजवू शकतात तोपर्यंत डफाला वारस शोधण्याची घाई नाही. त्यांना ज्या जागी उभे राहता येत नाही ती जागा भरण्याची घाई आहे. नृत्यवर्ग केलेली मुलगी सुंदर नाचत असेल, पण वर्गात सर्वजण एकाच दिशेला तोंड करून शिकतात, आणि येथे समोरून येणाऱ्या माणसाला सांभाळायचे असते. तिला सासूबाईंच्या मागे, उलट्या फेरीत दुसऱ्या क्रमांकावर उभे करा. पुढे ती फेरीही कोणालातरी घ्यावी लागणार आहे.

मुलाला गाणी येत नाहीत याची चिंता करू नका, सुलटी फेरी गात नसली तरी चालते. मात्र सुरुवातीचे काही गुरुवार गोफाच्या आधी त्याला आणि सासूबाईंना दोघांनाच फितींशिवाय समोरासमोर चालायला सांगा, बाबांनी केवळ ठेका द्यावा, आणि वळण्याची जागा दर वेळी बदलावी, म्हणजे तो ठराविक आकड्यावर विसंबून राहणार नाही.

पडद्यामागे

अटी वाचल्या. साठीपुढचा माणूस संघात घेतला तर स्पर्धेच्या वयोगटात बसणार नाही, तेव्हा स्पर्धेऐवजी महोत्सवातील खुल्या सादरीकरणासाठी अर्ज करावा. आणि अर्जात गोफ पूर्ण उलगडला जाईल असे लिहून त्यासाठी लागणारा वेळ आधीच मागून घ्यावा.